व्हिसाचा मोरपंखी कोट

मी एक कोट आहे. रंग मोरपंखी, कॉलर चकचकीत, मुक्काम दारामागच्या खुंटीवर. अंगात माणूस असला की मला गप्प बसावं लागतं. आज रिकामा आहे, म्हणून माझी हकिगत सांगून घेतो.

माझा जन्म घाईत झाला. मालकांना लग्नासाठी काळा कोट हवा होता, पण शिंप्याकडचं काळं कापड संपलं होतं. हा रंग चारचौघांत उठून दिसेल, असं म्हणून त्याने मला मालकांच्या गळ्यात मारलं. त्याचं बोलणं पुढे इतकं खरं होईल, असं त्यालाही वाटलं नसेल.

मालक फरशी बसवतात. थापी हातात आली की त्यांना तहानभूक कळत नाही. मालकीणबाई काळजी करतात. दूध उतू गेलं तर काळजी, आणि नाही गेलं तर आज का नाही गेलं याची काळजी.

लग्नानंतर मालक परदेशात ताईकडे गेले, पाहुण्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर हिंडायचं, जेवायचं, झोपायचं आणि मुदत संपली की गुपचूप परत यायचं. काम करायचं नाही. मालकांचं हिंडून झालं, जेवून झालं, झोप तर उरली. मग ताईच्या न्हाणीघरातली एक हलणारी फरशी त्यांच्या नजरेला पडली. ती त्यांनी बसवली. शेजारणीला आवडली, म्हणून तिच्याकडची बसवली. मग तिच्या भावाकडची. हातात पैसेही पडू लागले.

ताईच्या यजमानांनी, म्हणजे भावजींनी, युक्ती काढली. म्हणाले, जाता-येता कोट घालत जा, पाहुणा वाटशील. मग काय, अंगात मी, खिशात थापी आणि बगलेत फरशीची पातळी बघायची पाणसळ, अशा थाटात आम्ही रोज पाहुणचाराला निघायचो.

व्हिसाची मुदत संपली तेव्हा एका न्हाणीघराचं काम अर्ध्यावर होतं. ताई तिकीट घेऊन मागे लागली. मालक हलेनात. म्हणाले, "अर्धी फरशी टाकून गेलो तर पुन्हा थापी धरायला तोंड राहणार नाही." मुदत उलटली. फरशी पुरी झाली तर सांधे भरायचे राहिले. सांधे भरले तर ते वाळेपर्यंत थांबणं आलं. ते वाळायच्या आधी अधिकारी दारात उभा राहिला.

मालक उकिडवे बसलेले, माझ्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही कोण. मालकांनी थापी पाठीमागे धरली आणि म्हणाले, "पाहुणा." मग त्यांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि त्यांना घरी धाडलं. फोटोत मी फार छान आलो होतो, हे मात्र सांगायला हवं.

पुढे घरात बाळ आलं आणि इथली कामं आटली. दोन खोल्यांत सगळे एकमेकांना ठेचकाळत होते. तेवढ्यात तिकडच्या एका ठेकेदाराने मालकांना रीतसर नोकरी देऊ केली. कामाचा व्हिसा मिळणार होता आणि मागाहून बायको-मुलालाही नेता येणार होतं. सगळ्या घराचा जीव त्या व्हिसात अडकला.

अर्जात एक प्रश्न होता, पूर्वी कधी व्हिसाच्या अटी मोडल्यात का? अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला, बिनधास्त नाही लिहा, पासपोर्ट नवा आहे, जुनं कोण उकरत बसतंय. मालकांनी पेन उघडलं. मालकीणबाई बाळाला खांद्यावर थोपटत होत्या. टेबलावर अर्जासाठी माझ्यासकट काढलेला मालकांचा ताजा फोटो पडला होता. तो पाहिला आणि त्यांचा थोपटणारा हात थांबला.

"अहो, तिकडे फोटो काढला तेव्हा तुमच्या अंगात काय होतं?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, त्यांच्याकडे लाखो फोटो असतात," एजंट म्हणाला.

"लाखो असतील हो. पण मोरपंखी कोट घालून फरशी बसवणारा हा एकच असेल."

एजंटला लगेच तोड सुचली. काळा कोट भाड्याने आणू, दुसरा फोटो काढू. मला ते फार लागलं.

"कोट बदलाल, बोटं कुठून आणाल?" मालकीणबाई म्हणाल्या. "खोटं लिहून गेलात तर तिकडे दार वाजलं की तुम्ही दचकणार, इकडे फोन वाजला की मी. खरं लिहा. नाही म्हणाले तर इथेच बघू काहीतरी." एवढं बोलल्या आणि बाळाच्या पाठीत तोंड लपवून बसल्या.

मालकांनी हो लिहिलं. खाली कारणाला चिमूटभर जागा होती, तिथे ते मावेना. म्हणून वेगळा कागद जोडला. त्यात न्हाणीघराची लांबी-रुंदी आणि पाण्याचा उतारसुद्धा आला. एजंटने कपाळाला हात लावला.

मुलाखतीला अर्थातच मीच गेलो. मालकीणबाईंनी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. खिडकीपलीकडे एक अधिकारीबाई होत्या. मालकांची छाती अशी धडधडत होती की माझं वरचं बटण हलत होतं. मालक म्हणाले, चूक झाली, काम धरायलाच नको होतं, आणि धरल्यावर अर्धं टाकवेना.

बाईंनी कागद खाली ठेवला. "या वेळी काम अर्धं असताना मुदत संपली तर?"

या माणसाला याहून अवघड काही विचारता आलं नसतं. घाम माझ्या अस्तरापर्यंत पोचला.

"अर्धं टाकून येईन," ते शेवटी म्हणाले. "विमानात जेवण जाणार नाही, पण येईन."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पडद्यावरच्या कुठल्याशा जुन्या फोटोकडे. ओठ दाबून काहीतरी टाइप केलं.

व्हिसा आला. निघताना मालकीणबाईंनी मला घडी करून बॅगेत घातलं, मालकांनी बाहेर काढलं. कामावर कोट कशाला, म्हणाले. माझ्या जागी गुडघ्याला बांधायच्या गाद्या गेल्या. मला वाईट वाटलं, पण गुडघ्यांचं बरं झालं.

आता आळीभर माझं नाव झालंय. ज्याला त्याला मुलाखतीसाठी हाच कोट हवा. मालकीणबाई देतात, पण आधी अर्जात काय लिहिलंय ते विचारून घेतात. मला नेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, घाम रुमालाने पुसा, माझ्या बाहीने नको.

थांबा, फोन वाजतोय. मालकच असणार. मागच्या खेपेला ते दार लावून कुजबुजायचे. मालकीणबाईंना निम्मं ऐकू यायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याची त्या काळजी करायच्या. आता भर दुपारी कामावरून फोन येतो. मागे फरशी कापायचं मशीन किंचाळत असतं आणि मालक त्याच्या वरताण ओरडून बोलतात.

"अहो, हळू बोला, बाळ उठेल," मालकीणबाई म्हणतायत.

बाळ उठलंय. त्या फोन ठेवत नाहीत.