फाटक दोनदा उघडतं

पापडी गावात माझं गॅरेज आहे. चाळीस वर्षं सायलेन्सर जोडून डावा कान जवळजवळ गेला, पण ओळखीच्या गाडीचा आवाज अजून चुकत नाही. श्रीपतची जुनी फोर बाय फोर पिकअप तर मी नाक्यावरूनच ओळखायचो. चढाला ती फटफट करायची आणि बंद होताना एक लांब खोकला काढायची.

श्रीपत खाडीकाठचा शेतकरी. गेल्या भादव्यात उधाणाच्या पाण्यात त्याची गाडी बांधावर रुतली. चाकाखाली फळी घालायला तो उतरला आणि गाडीसकट वाहून गेला. गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली, तो तिसऱ्या.

दिवाळीनंतर त्याचा मुलगा धनेश तीच पिकअप घेऊन आला.

"क्लेमेंटकाका, सायलेन्सर नवा करायचाय. पाइप केबिनच्या मागून वर न्या."

"लग्नात वाजवायचाय काय?"

"मोठा आवाज नको. फक्त वेगळा पाहिजे." त्याने बॉनेटवर हात ठेवला. "आईमुळे. हा आवाज ऐकला की बाबा आले म्हणून फाटक उघडते आणि रस्त्यावर जाऊन उभी राहते. मी गाडी आत घेतो, बाबांसारखंच इंजिन दोन मिनिटं चालू ठेवतो, तेवढ्यात ही परत फाटक उघडून बाहेर. मघाशी उघडलं ते विसरते. परवा डंपरखाली येता येता वाचली."

मी जुना पाइप उतरवला. खाऱ्या पाण्याने कुजून बोट आत जाईल एवढं भोक पडलं होतं. तो भिंतीला टेकवून ठेवला. तारेने नवं वळण मापलं. नव्या पाइपात कोरडी रेती ठासून दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली, म्हणजे वाकवताना तो चेपत नाही. मग गॅसने लाल करून वाकवला, जोडला. चार वाजता गाडी चालू केली. भरलेल्या पिंपावर थाप मारावी तसा खालचा, जड आवाज. जुन्याची आठवणही येणार नाही असा.

"चला काका, तुम्हीच बघा," धनेश म्हणाला.

दिवेलागणीला आम्ही त्याच्या घरी पोचलो. फाटक बंद होतं. आनंदीबाई, त्याची आई, ओट्यावर चवळीच्या शेंगा मोडत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. धनेशने स्वतः उतरून फाटक उघडलं, गाडी आत घेतली, फाटक लावलं. परत सीटवर बसून, इंजिन चालूच ठेवून, तो माझ्याकडे बघून हसला. बापाच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच.

तेवढ्यात बांधाकडून फटफट ऐकू आली.

मी उजवा कान तिकडे फिरवला. धनेशने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. फटफट थांबली नाही. चढाला अडखळली, पुढे आली.

आनंदीबाई उठली. पदराला हात पुसत गेली, फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दिव्याखाली रस्ता रिकामा दिसत होता.

"आई, कोण आहे?"

"कोन म्हंजे? तुजी गाडी बाजूला घे. बाबाला आत येवाला जागा नको?"

धनेशने गाडी माडाखाली सरकवली. अंगणात, आमच्या अगदी शेजारी, तो लांब खोकला झाला आणि थांबला. खाडीच्या चिखलाचा वास आला. आनंदीबाईने आत येऊन फाटक लावलं आणि चूल पेटवायला मागच्या दारी गेली.

"ती विसरत नव्हती," धनेश हळूच म्हणाला. "रोज दोन गाड्या येत होत्या."

सकाळी मी गॅरेज उघडतो तर तो दारात उभा.

"जुनाच पाइप बसवा."

"कुजलाय रे तो."

"असू दे. दोन्ही आवाज एकसारखेच बरे. कुठला कोणाचा ते मला कळायला नको."

"आणि आई? रस्ता? डंपर?"

"फाटक यापुढे मी उघडीन. दोन्ही वेळा."

जुना पाइप उचलला तर जड लागला. भोकातून पाणी ठिबकत होतं, आणि भिंतीपाशी रात्रभरात चिखलाचं छोटं थारोळं साचलं होतं. मी भोक बुजवायला पत्रा कापायला घेतला.

"नको काका," धनेश म्हणाला. "आवाज बदलेल."