वारा नव्हता

चौथा दगड ‘डुबुक’ करून पडला आणि ट्रायपॉडमागे वाकलेल्या फोटोग्राफरने डोकं वर काढून आभाळाकडे पाहिलं. पाण्यातली लाल-पिवळी झाडं फुटून इकडेतिकडे उडाली होती. त्यातलं थोडं लेन्सवर आलं होतं.

“पडला का बरोबर?” तीस पावलांवरच्या लाकडी धक्क्यावरून मेहुण्याने विचारलं.

“मगर मारायची नाहीये आपल्याला.”

“मग नीट सांगा ना, भावोजी. दगड कसा हवाय?”

“हलका.”

मेहुण्याने पिशवीतून पुढचा दगड काढून त्याच्याकडे निरखून पाहिलं. “दगड? हलका?”

“टाकायचा हलका. पाण्याला कळता कामा नये.”

मेहुणा दातांचा डॉक्टर होता. कळू न देता काम करायची त्याला सवय होती, पण ती आधी सुई टोचल्यावरची. त्याने दगड चिमटीत धरला, एक डोळा मिटला आणि असा भिरकावला की पलीकडची दोन बदकं आपलं आवरून निघाली.

फोटोग्राफरने लेन्स पुसली. तो पाण्यातले फोटो काढायचा. पाण्याचे नव्हे, पाण्यातले. पानगळीच्या तीन आठवड्यांत काठावरची झाडं तळ्यात उलटी उतरत. त्यांच्यावरून एक बारीक लाट गेली की झाड झाड राहत नसे, फांदी फांदी राहत नसे. ओल्या रेशमासारखे लाल, तांबूस, काळे पट्टे तेवढे उरत. लोक ते भिंतीवर लावून त्यात आपापल्या मनातलं काहीबाही बघत. एका वकिलाला त्यात स्वतःचा घटस्फोट दिसला होता. त्याने तो मोठ्या आकारात करून घेतला.

ती लाट मात्र कोणीतरी आणावी लागे. सतरा वर्षं ती फोटोग्राफरची बायको आणत होती. कोटाचे दोन्ही खिसे गोट्यांनी भरून ती या धक्क्यावर उभी राहायची. माहेरी तिचा उल्लेख ‘आमचं दगडफेक खातं’ असा व्हायचा.

मग मागच्या महिन्यात एका मासिकाची बाई घरी मुलाखत घ्यायला आली. तिने विचारलं, “या लाटा इतक्या नेमक्या कशा येतात?” फोटोग्राफर सोफ्यावर मागे रेलला, चष्मा काढला आणि म्हणाला, “वारा.”

बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे ठेवला. साखर किती, तेही विचारलं. मासिक छापून आलं त्या सकाळी ती भावाकडे निघून गेली. भांडण नाही, रडणं नाही. गॅस बंद आहे ना, एवढं जाताना दोनदा पाहिलं.

त्याला सोळा दिवस झाले. सोळा दिवस तो टेबलावर दोन ताटं मांडत होता आणि मग त्यातलं एक न वापरताच धुऊन ठेवत होता. एवढ्या दिवसांत त्याने तिला एकच फोन केला. ‘ये’ म्हणायला केला होता, पण तोंडातून आलं ते असं: “पानं रविवारपर्यंत टिकतील. लाटेचं काय करू?” ती म्हणाली, “पाठवते.” ते त्याने ‘येते’ असं ऐकलं नव्हतं, पण धरलं मात्र तसंच. सकाळी दाढी केली, थर्मासमध्ये तिच्यापुरती कॉफी भरली. तळ्याशी गाडी थांबली आणि पिशवी घेऊन मेहुणा उतरला. “ताईने दहा दिलेत,” तो म्हणाला. “मोजून.”

आता पाच उरले होते. काठावरच्या झाडांवर त्याहून फार जास्त काही उरलं नव्हतं.

मेहुण्याचा फोन वाजला. हात चिखलाने भरले होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला आणि फोन धक्क्याच्या कठड्यावर ठेवला. तळं काचेसारखं होतं. तिचा आवाज पाण्यावरून इतका स्वच्छ आला की फोटोग्राफरने आधी मागे वळून पाहिलं.

“काय चाललंय?”

“पाच टाकले. भावोजींचं तोंड वाकडं.”

“मनगट वळवत असशील. कोपर अंगाला लाव. दगड मारायचा नसतो रे, सोडायचा असतो. टाक बघू.”

सहावा दगड जवळजवळ न बोलता पाण्यात गेला. एक गोल उठला आणि रुंदावत लाल झाडांखाली शिरला.

“हां,” फोन म्हणाला. “पहिली जाऊ दे. दुसरी... आता.”

फोटोग्राफरचं बोट खाली गेलं.

ते त्याने खाली नेलं नव्हतं, ते गेलं. सतरा वर्षं ते त्या ‘आता’वरच जात आलं होतं, हे त्याला या क्षणी कळलं. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसा तो शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. मग इतकी वर्षं आपण इथे नेमकं काय करत होतो, याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला. उभे होतो. तेवढं तर ट्रायपॉडही करत होता.

“आला का?” मेहुण्याने विचारलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो होता. बहुधा आजवरचा सगळ्यात चांगला. आता ‘आला’ म्हटलं की मेहुणा हात धुणार, फोन उचलणार आणि तो आवाज खिशात घालून घरी नेणार.

“नाही आला,” फोटोग्राफर ओरडला.

“नाही कसा? छान पडला होता,” फोन म्हणाला. “बरं, अजून एक.”

सातवा. पहिली, दुसरी, आता. आला.

“नाही!”

आठवा आला. नववाही आला. दर वेळी तो “नाही” म्हणायचा, आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा जास्त फाटायचा. मेहुणा आता इतका सुंदर दगड सोडू लागला होता की त्याला स्वतःलाच गहिवरून आलं होतं. दहावा तर त्याने हातातून जणू गळू दिला.

“आला?”

“नाही.”

“संपले गं, ताई.”

फोन म्हणाला, “असू दे. एखाद्या वर्षी नाही येत. ठेवते मग.”

“थांब!” फोटोग्राफर धक्क्याकडे धावला. ट्रायपॉडचा पाय त्याच्या पायात आला आणि तो गुडघ्यांवर चिखलात बसला. तिथूनच ओरडला, “आलेत! पाचही आलेत!”

“मग नाही का म्हणालास?”

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते लांबलचक होतं, आणि फोन मेहुण्याच्या हातापासून वीतभर लांब होता. त्याने छाती भरून श्वास घेतला.

“वारा नव्हता!”

काठावरून फिरायला आलेले एक आजोबा थांबले. त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं. “नाहीच आहे,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

“कधीच नव्हता!” फोटोग्राफर ओरडला. “एकाही फोटोत नव्हता! तू होतीस!”

तळ्यावर काही हललं नाही. मेहुणा अचानक स्वतःची नखं तपासू लागला. फोटोग्राफर चिखलात तसाच, फोनकडे बघत. फोनमधून फक्त एखाद्या खोलीचा आवाज येत होता. कुठेतरी खुर्ची सरकल्याचा.

मग ती म्हणाली, “पानं किती राहिलीत?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे किती?”

त्याने समोरच्या काठाकडे तोंड केलं आणि फोनला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागला. सव्विसाव्याला वरचं एक पान सुटलं, गिरक्या घेत पाण्यावर टेकलं. “पंचवीस,” तो म्हणाला आणि पुढे गेला. चाळीसला त्याचा आवाज बसला. एकेचाळीसवर तो थांबला.

“टेकाडामागचं वाकडं झाड धरलंस?”

“नाही.”

“मग पहिल्यापासून मोज,” ती म्हणाली. “सावकाश.”

“एक,” तो म्हणाला.

मेहुणा धक्क्यावर खाली बसला आणि त्याने बूट काढून ठेवले.