ओल्या बुटांचा सल्ला

प्रश्न क्रमांक १७ : घोडा चावतो का?

*

"नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू भिजला की त्याला ओल्या मेंढीचा वास येतो. तिसऱ्या दिवशी नाकाला सवय होते." एका प्रवासी फोरमवर हा सल्ला चौदा जणांना उपयोगी वाटलेला आहे. लिहिणाऱ्याचं टोपणनाव 'ओले बूट'.

*

कॅनडात, थंडर बेमधल्या एका दातांच्या दवाखान्यात, दोन नंबरच्या खुर्चीत, रोज आठ माणसं तोंड उघडून पडतात. दात साफ करणारी बाई विचारते, "यंदा कुठे, परदेशात का?" समोरून "आँ" येतं, आणि बाई स्वतःचाच बेत सांगायला लागते. गेली नऊ वर्षं.

*

एका गिर्यारोहण सहलीला मिळालेला एक तारा, त्याखाली अभिप्राय : "डोंगर फार चढाचे होते. कंपनीने आधी सांगायला हवं होतं."

*

बुटांची एक जोडी, पाण्याला दाद न देणारी. सहा वर्षांत चाललेलं अंतर : दारापासून रस्त्यापर्यंत, कचऱ्याचा डबा घेऊन, दर मंगळवारी.

*

"रविवारी, जेवायच्या आत. नाहीतर मी ब्रेंडाबरोबर क्रूझवर."

*

हा सगळा पसारा एकाच बाईचा. बाईचं नाव इर्या लेहतिनेन, वय अठ्ठावन्न. दात तीच साफ करते, बूट तिचेच, एका ताऱ्याचा अभिप्राय तिने वाचून जपून ठेवलेला, प्रश्नही तिचेच. एकूण त्रेचाळीस. शेवटचं वाक्य तेवढं तिच्या धाकट्या बहिणीचं, सिर्काचं. ब्रेंडा म्हणजे सिर्काची नणंद.

नऊ वर्षांपूर्वी आईला मातीत ठेवून दोघी बहिणी तळ्याकाठच्या कॅम्पवर, म्हणजे सुटीच्या लाकडी घरी, गेल्या होत्या. तिथल्या सौनाच्या गरम वाफेत, वरच्या फळीवर घाम गाळत त्यांनी ठरवलं, की पुढच्या उन्हाळ्यात कुठेतरी लांब जायचं. घोड्यांवरून. जिथे आपलं आडनाव कुणाला उच्चारता येणार नाही अशा ठिकाणी. सिर्का म्हणाली, "जागा तू शोध. वाचायची आवड तुला आहे."

तिथेच चूक झाली.

इर्याने वाचलं. पातागोनिया वाऱ्यामुळे बाद झालं. आइसलँडला हल्ली सगळेच जातात, हे एका पेशंटने चूळ भरता भरता सांगितलं, म्हणून तेही गेलं. नेपाळ उंचीमुळे गेलं. जॉर्जिया फार चांगलं दिसत होतं म्हणून संशयावरून गेलं. उरलं किर्गिझस्तान. मग कंपन्या, एकूण एकतीस. प्रत्येक कंपनी सहलीच्या कष्टांना एक ते पाच अशी श्रेणी देते, पण एकीची तिसरी श्रेणी म्हणजे दुसरीची पाचवी. इर्याने सगळ्यांचा मेळ घालणारा तक्ता केला. त्या तक्त्यात स्वतःलाही बसवलं. ती पावणेतीन निघाली. पावणेतीनसाठी जगात कुणीही सहल काढत नाही, हे कळायला तिला आणखी एक हिवाळा लागला.

या वाचनातून तिला इतकं ज्ञान झालं की ते घरात मावेना. मग ती फोरमवर लोकांना वाटू लागली. मोजे कोणते घ्यावेत, खोगिरावर कसं बसावं, घोडीचं आंबवलेलं दूध कितव्या वाडग्याला नाकारावं. आपण तिथे जाऊन आलो असं तिने कधी लिहिलं नाही. गेलो नाही असंही लिहिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, आणि नाव मात्र ओले बूट.

यंदा सिर्काने तारीख दिली. सप्टेंबरात तिचा गुडघा बदलायचा होता. नंतर घोडा विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हा जुलै, नाहीतर कधीच नाही.

*

रविवारी अकरा वाजता सिर्का आली. हातात पर्शियनचं, म्हणजे तिथल्या तळलेल्या गोड पावांचं, खोकं होतं, गुलाबी आयसिंगचे सहा. हिवाळ्यात ती शहराच्या बर्फ ओढणाऱ्या गाड्या कुठे पाठवायच्या ते ठरवते. एका गाडीला तिला पंचवीस सेकंद पुरतात.

"ठरलं?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे मी ब्रेंडाला फोन करते."

"अगं, थांब! सेव्हन सॅडल्स. छोटी कंपनी आहे, मला आवडलीय. फक्त त्यांनी एका जुन्या प्रवाशाचा नंबर दिलाय. त्याच्याशी बोलले की झालं."

"आत्तापर्यंत किती जुन्या प्रवाशांशी बोललीस?"

इर्याने पर्शियनचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही, हे ती धंद्यातच शिकली होती.

"किती गं?"

"सव्वीस."

"सव्वीस! माझं लग्न ठरवताना आईने एकालाही विचारलं नव्हतं."

"म्हणूनच मी विचारते."

सिर्काने फोन ओढून घेतला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "स्पीकरवर लाव. तू नंतर फक्त घाबरवणारं तेवढं सांगतेस."

पलीकडे डेलबर्ट फ्रीसेन होते. वय एकाहत्तर, राहणार मूस जॉ, सगळी नोकरी धान्याच्या कोठारांवर. दोन वर्षांपूर्वी सेव्हन सॅडल्सबरोबर किर्गिझस्तानात जाऊन आलेले.

"विचारा बाई, बिनधास्त विचारा. बायको चर्चला गेलीय, मला वेळच वेळ आहे."

इर्याने यादी पुढ्यात घेतली. मोज्यांपासून सुरुवात केली.

"एक जाड मोजा घालू नका. दोन पातळ घाला. एकमेकांवर घासतील, पण कातडीवर नाही."

इर्याने खूण केली. अगदी बरोबर. माणूस जाणता दिसतो.

"आणि ते दूध?"

"पहिला वाडगा प्यायचा. हसत. दुसऱ्याला वाडग्यावर हात ठेवायचा."

खूण. वा.

"घोडा चावतो का?"

सिर्काने कपाळावर हात मारला.

"चावत नाही. पण त्याच्या मागे उभं राहून बुटाची नाडी बांधायची नाही."

इर्याचा हात थबकला. हे वाक्य तिने कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवेना. नाडीचं वाक्य तिला इतकं आवडलेलं होतं, की ते कुणा परक्याच्या तोंडून ऐकताना आपला कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं झालं.

"मिस्टर फ्रीसेन, तुम्ही कंपनी कशी निवडलीत हो?"

"मी? मी कसला निवडतोय! तीन कंपन्यांत अडकून पडलो होतो. बायको म्हणाली, आता तुझं श्राद्धच तिथे घालू. मग त्या फोरमवर एका जाणकाराने लिहिलं, 'ज्या कंपनीत फोन स्वयंपाकी उचलतो ती खोटं बोलणार नाही. डोळे मिटून सेव्हन सॅडल्स घ्या.' मी डोळे मिटले. पुरुष आहे की बाई ते माहीत नाही, पण दहा वेळा तरी तिथे राहून आलेला माणूस असणार. मोजे, दूध, नाडी, सगळं त्याचंच. काय बरं नाव... ओले बूट."

सिर्काला ठसका लागला. गुलाबी आयसिंग टेबलभर उडालं. हे नाव तिला चांगलंच माहीत होतं. चौदा जणांना उपयोगी वाटलं त्या दिवशी इर्याने तिला कामावर फोन करून सांगितलं होतं, भर हिमवादळात.

इर्या यादीकडे बघत राहिली. नऊ वर्षं ती भरवशाचा माणूस शोधत होती. सत्तावीस माणसं चाळल्यावर तो सापडला होता, आणि तो तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच खुर्चीवर बसला होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथे तर उंटही नव्हता, आणि शेळ्या मात्र मुक्कामी पोचल्या होत्या.

"बाई? आहात ना?"

सिर्काने फोनकडे बोट दाखवलं. *सांग.*

इर्याने मान हलवली. *नाही.*

सिर्काने आपला स्वतःचा फोन काढला आणि ब्रेंडाचं नाव पडद्यावर आणून समोर धरला.

"मिस्टर फ्रीसेन," इर्या म्हणाली, "ते ओले बूट म्हणजे मी."

"काय सांगता! अहो, मग तुम्ही मला कशाला विचारताय?"

"कारण मी गेलेले नाही."

"यंदा?"

"कधीच."

मूस जॉमध्ये खुर्ची करकरली.

"म्हणजे," डेलबर्ट सावकाश म्हणाले, "मी सत्तरीला टेकलेला माणूस, तुमच्या शब्दावर तिथल्या खिंडीतून घोड्यावर बसून गेलो."

"हो."

"सहा दिवस."

"हो. मला फार..."

"थांबा हो. हिशोब लावू द्या." पुन्हा खुर्ची करकरली. "मोजे बरोबर. दूध बरोबर. घोड्याचं तर शंभर टक्के बरोबर, विनिपेगच्या एकाने नाडी बांधलीच. म्हणजे तुम्ही सगळं घरबसल्या बरोबर सांगितलंत, आणि मला त्याचा राग यायला हवा. येत का नाहीये कुणास ठाऊक."

सिर्का आवाज न करता हसत होती. तिचे खांदे हलत होते.

"एकच राहिलं," डेलबर्ट म्हणाले. "ते मेंढीच्या वासाचं. आम्हाला पाऊसच लागला नाही. मी परत येऊन सगळ्यांना सांगतो मात्र, की भिजल्यावर मेंढीचा वास येतो. तुमच्या शब्दावर. आता तुमचं हे ऐकल्यावर मला ते कसं सांगता येईल? माझी अडचण झाली, बाई. तुम्ही जा, वास घ्या, आणि मला कळवा."

"आणि पाऊस नाही पडला तर?"

"तर बादलीभर पाणी ओता. पण कळवा."

फोन ठेवला तेव्हा बारा चाळीस झाले होते. यादीतले सव्वीस प्रश्न उरले होते. इर्याने कागदाची घडी घातली आणि सांडलेलं आयसिंग त्यानेच पुसलं.

"गेलं," सिर्का म्हणाली. "नऊ वर्षांचं काम."

"डाग राहिलाय अजून."

"बूट नवे घे. ते जुने पहिल्याच दिवशी तळ सोडतील."

"सहा वर्षं काही झालं नाही त्यांना."

"कचऱ्याच्या डब्याच्या वाटेवर खिंडी नसतात गं."

दोघी संगणकासमोर बसल्या. इर्याने फॉर्म भरायला घेतला. उंची, वजन, पूर्वी घोड्यावर बसला आहात का. तब्येतीच्या श्रेणीपाशी एक ते पाच असे गोल होते. ती पावणेतीन शोधत होती. सिर्काने तिच्या हाताखालून हात घालून तीनवर खूण केली.

शेवटी एक रकाना होता. आमच्याविषयी तुम्हाला कुणाकडून कळलं?

"काय लिहू?"

"लिही, एका ओळखीच्या थापाडीकडून."

इर्याने थोडा विचार केला. मग लिहिलं, *डेलबर्ट फ्रीसेन, मूस जॉ.* एवढं एकच नाव तिला त्या फॉर्ममध्ये शपथेवर लिहिता येण्यासारखं होतं. तिने बटण दाबलं. सिर्काने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "चल, भूक लागली."

*

जुलैअखेर मूस जॉला निरोप गेला : ओल्या नमद्याला मेंढीचा वास येत नाही. धुराचा येतो.