मागच्या टेबलावरची दोघं

"ओठ हलवा, आवाज नको," क्लिपबोर्डवाली मुलगी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होती. "काहीही बोला. पाढे म्हणा, शिव्या द्या, कुणाला काही कळणार नाही. गप्पा चालल्यायत असं दिसलं की झालं. आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. काका, तुम्हालाच सांगतेय."

काका म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावरचे चेकच्या कोटातले गृहस्थ. त्यांच्या समोरच्या खुर्चीत निळा स्कार्फ गुंडाळलेली बाई. मागे बसणाऱ्यांची नावं सेटवर कुणी विचारत नसे. अंगावर जे चढवलं असेल तेच नाव. म्हणून ते कोटवाले आणि ती निळा स्कार्फ.

तिला इथे पाठवलं होतं सुनेनं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत, 'आता बरं दिसतं की मघाशी?' हा एकच प्रश्न तिने उभा जन्म विचारला होता. नवरा आधीच गेला होता, मग नोकरी संपली, आणि सासूबाई लावलेलंच कपाट पुन्हा लावत बसतात हे सुनेला बघवेना. "आई, जरा चार माणसांत जा. नुसतं बसायचं तर आहे," ती म्हणाली आणि सिनेमावाल्यांना सासूचा फोटो पाठवून मोकळी झाली.

खरा सिनेमा पुढच्या टेबलावर चालला होता. गोष्ट साधीच: साठीतले दोघं कॅफेत एका खुर्चीवरून भांडतात आणि भांडता भांडता प्रेमात पडतात. हिरो वयस्कर होता. हिरॉईन मात्र चाळिशी नुकतीच ओलांडलेली; रोज सकाळी तिच्या केसांना पांढरा रंग फासायचे आणि डोळ्यांच्या कडेला ब्रशने सुरकुत्या काढायचे. कॅफे एका रिकाम्या गोदामात उभारलेला. खिडकीतलं ऊन म्हणजे दिवा, आणि कपातली कॉफी म्हणजे रंगवलेलं पाणी.

पहिल्या दिवशी तिने सातचा पाढा म्हटला, मग तेराचा. एकोणतीसचा मध्येच अडला. मग ती मुलाबद्दल बोलायला लागली. आवाज नसल्यामुळे फार सोपं जात होतं.

"माझा मुलगा माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतो. जसं काही मी कालच या भाषेच्या गावात आलेय."

कोटवाल्यांनी मान हलवली. मान हलवायचीच होती. तेही सांगितलेलं होतं.

एकदा दार उघडलं की आत काय काय कोंबून ठेवलंय ते कळतं, तसं तिचं झालं. रोज कॅमेरा फिरायला लागला की ती बोलत सुटायची. "नवरा गेला तेव्हा मी रडले. माणूस चांगला होता. पण काही महिन्यांनी एकदा मी पलंगाच्या मधोमध झोपले आणि इतकी गाढ झोप लागली की सकाळी माझी मलाच लाज वाटली. तेव्हापासून मधोमधच झोपते. हे जगात कुणाला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी: "तुम्ही कप दोन्ही हातांनी धरता ते मला आवडतं." आणि त्यानंतर: "काल तुम्ही उशिरा आलात. माझा जीव खालीवर झाला. या वयात हे काही बरं नाही, पण झालं खरं."

कोटवाले नेमक्या जागी हसायचे, नेमक्या जागी गंभीर व्हायचे. माणसाला अभिनय चांगला जमतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तेही ओठ हलवून काहीबाही बोलत. पाढेच असणार.

जेवणाच्या सुट्टीत मात्र दोघं अगदी परक्यासारखे वागायचे. "आज उकडतंय." "हो ना." त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. बाटल्या भरायच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, तिथल्या खणखणाटाने कान निम्मे गेले, एवढं त्यांनी सांगितलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हेही.

एका दुपारी लांबलचक टेबलावर सगळे जेवत होते. ती बसताना कंबर धरून बसली. कोटवाल्यांनी डाळीची वाटी तिच्याकडे सरकवली आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मधोमध झोपता ते ठीक आहे, पण आधी गादी बदला. मधोमध खड्डा पडतो. कंबर त्यामुळेच दुखते."

तिचा चमचा तोंडापर्यंत आला होता, तिथेच थांबला. टेबलावर दोन-चार माना वळल्या.

"काय म्हणालात?"

त्यांच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या.

"हे मी तुम्हाला कधी सांगितलं?" ती हळू आवाजात म्हणाली.

"सांगितलंत," ते म्हणाले. "रोजच सांगता."

ती उठून बाहेर गोदामाच्या पायऱ्यांवर गेली. ते मागोमाग आले आणि एक पायरी खाली उभे राहिले. कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या धावायला लागल्या की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नसे, त्यांनी सांगितलं. तिथे सगळेच ओठ बघून बोलायचे. पट्ट्याच्या या टोकाचा त्या टोकाच्याला विनोद सांगायचा आणि तो पोट धरून हसायचा. सवयच ती. समोर ओठ हलले की वाचले जातात, पाटीवरची अक्षरं वाचली जातात तसे.

"तुम्ही चोरून ऐकलंत."

"ऐकलं नाही. दिसलं."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!"

"पहिल्या दिवशी तुम्ही पाढे म्हणत होता. त्यात काय सांगायचं? नंतर सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबवलं असतंत. चूक माझीच. पण मला ते थांबायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी ती ओठ घट्ट मिटून बसली.

"मावशी, तोंड का बंद?" क्लिपबोर्डवाली धावत आली. "भांडलात की काय?"

"हो."

"मग ते बाहेर जाऊन भांडा ना. या सीनमध्ये सगळे खूश आहेत."

कॅमेरा फिरू लागला. ती खाली बघत राहिली. मग तिच्या मनात आलं, आपण इतके दिवस या माणसासमोर बसलो आणि तो काय बोलतोय याचा विचारसुद्धा केला नाही. तिने मान वर केली. त्यांचे ओठ हलत होते, सावकाश, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. आयुष्यभर दुसऱ्यांची नजर तपासली, पण हे काही तिला वाचता येईना. एक 'दोन' तेवढा कळला.

"दोन काय?" सुट्टीत तिने पायऱ्यांवर गाठून विचारलं.

"कळलं तुम्हाला?" ते चपापले.

"एवढंच कळलं. माझं सगळं तुमच्याकडे आहे. तुमचं मला काहीच माहीत नाही. हा काय न्याय झाला?"

त्यांनी कोटाची बटणं लावली, पुन्हा काढली. "पहिल्या दिवशी सांगत होतो की तुमचा स्कार्फ उलटा आहे."

"आणि नंतर?"

"नंतर रोज एकच. माझ्या घरी दोन खोल्या आहेत आणि मी एकाच खोलीत राहतो."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ही मागणी आहे की खोली भाड्याने द्यायची जाहिरात?"

"मागणी," ते म्हणाले. आवाज इतका मोठा होता की दिव्यांची वायर गुंडाळणारा माणूस वळून बघायला लागला.

"आधी घरी सांगते," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, घरी आभाळ कोसळेल, आणि त्यासाठी तिने सगळी तयारी केली होती. मुलगा म्हणेल, लोक काय म्हणतील. त्यावर उत्तर होतं. बाबांची आठवण काढेल; त्यावरही होतं. जेवणं झाल्यावर तिने सरळ सांगितलं.

मुलगा हसला. वाईट हसला नाही, प्रेमानेच हसला. "आईचा हिरो! अगं, ऐकलंस का?"

"ई, किती गोड!" सून म्हणाली. "आई, फोटो दाखवा ना."

"मी लग्नाचं बोलतेय," ती म्हणाली.

"हो गं हो. बँड सांगू, घोडा सांगू," मुलगा म्हणाला आणि तिच्या डोक्यावर हलकेच थोपटून टीव्ही लावायला गेला.

त्यांनी विरोध केला असता तर ती लढली असती. पण हसणाऱ्याशी लढायचं कसं? त्या रात्री तिच्या लक्षात आलं की 'हो' म्हणणं सोपं आहे. ते 'हो' विनोद म्हणून ऐकलं गेलं तर मात्र त्याचं काहीच उरणार नाही. चार लोकांनी टाळ्या पिटाव्यात, तोंडभर 'गोड' म्हणावं आणि दोन बाहुल्या शोकेसमध्ये ठेवून द्याव्यात, तसं होईल.

नेमक्या त्याच आठवड्यात दिग्दर्शकाचं लक्ष मागच्या टेबलाकडे गेलं. तरुण होता, मृदू बोलणारा. तो स्वतः त्यांच्या टेबलापाशी येऊन उकिडवा बसला.

"काका, काकू, तुम्ही दोघं इतके क्यूट दिसता! पडद्यावर सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडेच जातंय. मी तुम्हाला एक क्लोज-अप देतोय. उद्या पुढे हिरो प्रेम कबूल करतो ना, त्याच वेळी मागे काका काकूंकडे झुकणार, काहीतरी रोमँटिक बोलायला जाणार, आणि त्यांची कवळी निसटून ग्लासात पडणार. प्लॉप! काकूंना पत्ताच नाही. त्या ग्लास उचलून पाणी पितात. थिएटर डोक्यावर घेतील लोक."

"माझे दात शाबूत आहेत," कोटवाले म्हणाले.

"म्हणून तर खोटे मागवलेत."

"पण का?" तिने विचारलं.

"गंमत, काकू. पुढे प्रेम सीरियस आहे, मागे जरा हलकंफुलकं हवं."

"पुढच्या बाई चाळिशीच्या. त्यांना रंग लावून म्हातारं केलंय, तर त्यांचं प्रेम सीरियस. मी रंग न लावता बासष्टची, तर माझ्यावर हसायचं?"

दिग्दर्शक गोड हसला. "वा! काकू, तुमचा सेन्स ऑफ ह्यूमर भारी आहे," म्हणाला आणि दिव्यांकडे निघून गेला.

क्लोज-अपची बातमी क्लिपबोर्डवालीने सुनेला फोनवरून दिली, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून दोघंही रजा काढून शूटिंग बघायला हजर. कॅमेऱ्याच्या मागे त्यांना खुर्च्या मिळाल्या. मुलाने लांबून अंगठा वर केला. "हेच का हिरो?" तो शेजारच्याला विचारत होता, आणि ते तिला इथपर्यंत ऐकू येत होतं.

टिश्यू पेपरात गुंडाळलेली कवळी टेबलावर आली. कोटवाल्यांनी ती उघडून पाहिली आणि पुन्हा गुंडाळली.

"तुम्हाला नको असेल तर मी नाही म्हणतो," ते म्हणाले. त्यांच्या परीने हळूच.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

विचार करायला वेळ नव्हताच. "शांतता!" झाली, दिवा पेटला, कॅमेरा सरकत आला. पुढच्या टेबलावर हिरोने हिरॉईनचा हात हातात घेतला. त्याचं वाक्य मोठं होतं, आयुष्याच्या संध्याकाळीबद्दल वगैरे. ते संपत आलं तसा क्लिपबोर्डवालीने मागे हाताने इशारा केला: आता.

कोटवाले झुकले नाहीत. हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत बसले.

ती बोलली. ओठांनी नव्हे, घशातून, छातीतून, दुकानात दारापाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"तुमच्या दुसऱ्या खोलीत मी राहायला येते. लग्न करून येते. हे मी पूर्ण शुद्धीवर बोलतेय."

हिरॉईनने वळून पाहिलं. हिरोचा हात हवेत राहिला. माइक धरणाऱ्याने कानावरचा हेडफोन झटकन बाजूला केला.

"कट! कट!" दिग्दर्शक ओरडला. "काकू! आवाज नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला आवाज हवा होता."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. मुलगा खुर्चीतून उठून, वायरी ओलांडत, भरभर तिच्यापाशी आला. आता मात्र त्याचा चेहरा हसरा नव्हता.

"आई, हे काय चाललंय? चल घरी. लोक हसतायत."

"हसू देत. तू हसत नाहीयेस ना? मला तेवढंच हवं होतं." ती उभी राहिली. "परवा मी तुला खरं सांगितलं तेव्हा तू टीव्ही लावलास. आता तुला राग आलाय. राग चालेल मला. राग आला म्हणजे ऐकू आलं."

"पण तू यांना ओळखतेस तरी का?"

"तुझ्यापेक्षा जास्त ते मला ओळखतात. त्यांना मी ओळखते की नाही ते पुढे बघेन. तो प्रश्न माझा."

सून मागे येऊन उभी राहिली होती. ती 'गोड' म्हणाली नाही. तिने नवऱ्याच्या बाहीला धरून त्याला एक पाऊल मागे घेतलं, इतकंच.

"तुम्ही दोघांनी सेट सोडायचा," दिग्दर्शक थकून म्हणाला. "प्लीज. आत्ता."

"सोडतो," ती म्हणाली आणि स्कार्फ काढून खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवला.

कोटवाले उठले. सगळं गोदाम त्यांच्याकडे बघत होतं: दिवेवाले, रंगवाले, पाढे म्हणणारी इतर टेबलं. इतकी माणसं पाहून त्यांचा धीर खचला असावा. तिच्याकडे वळून त्यांनी सवयीने नुसतेच ओठ हलवले.

"अहो, तोंडातल्या तोंडात नको," ती म्हणाली. "मोठ्याने बोला. सगळ्यांसमोर."

त्यांनी एकदा तिच्या मुलाकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि बाटल्यांच्या खणखणाटात वाढलेला तो आवाज गोदामाच्या पत्र्यापर्यंत गेला.

"मी म्हटलं, मलाही तेच हवंय!"