उजेडरावांच्या जागी स्टँड

“आधी ही बॅग माझ्यासमोर रिकामी करा, मग नवीन दाखवतो,” मी म्हणालो.

काउंटरपलीकडच्या बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “घ्या. इथं झडती घेतात.”

झडतीच म्हणायची. फोटोग्राफीच्या सामानाच्या या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरला आहे आणि जुनी बॅग उपडी केल्याशिवाय गिऱ्हाइकाला नवी विकत नाही. माणूस तोंडाने सांगतो एक आणि बॅगेतून निघतं भलतंच. ‘मी फक्त डोंगर आणि झाडं काढतो’ असं छातीठोक सांगणाऱ्याच्या बॅगेतून पोरांना हसवायचा खुळखुळा निघालेला मी पाहिला आहे. आमचे मालक मला ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. म्हणोत बापडे. भोचकपणा नसता तर या कामात मी कधीच कंटाळून मेलो असतो.

बाई साठीच्या घरातल्या. कॅमेऱ्याच्या पट्ट्याने मानेवर कायमचा वळ पाडलेला, त्यामुळे फोटो काढणाऱ्या त्याच, हे मला न विचारता कळलं. नवरा उंच, ताठ पाठीचा. उजवा हात पँटच्या खिशात. दुपारची वेळ होती आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

बॅगेतून कॅमेरा निघाला, दोन लेन्स निघाल्या, एक फ्लॅश, तो लांबून पेटवणारा ट्रिगर, बॅटऱ्या, दोन कंगवे, सुईदोरा, खोकल्याच्या गोळ्या आणि वीतभर लांबीची एक दांडी. तिची मूठ हाताच्या घामाने काळी पडली होती.

“फ्लॅशचा स्टँड कुठाय?” मी विचारलं.

“हा काय,” बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. “सहा फूट एक इंच. एकतीस वर्षं चालला.”

“गॅरंटी संपली आता,” नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की उजेड समोरून आदळतो आणि माणसाचा चेहरा पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. तोच बाजूने, जरा वरून आला की नाकाला नाकपण येतं. त्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब हवा, आणि लांब हवा म्हणजे तो कोणीतरी धरायला हवा. या गृहस्थांनी तो धरला होता. लग्नं, शाळांचे ग्रुप, कारखान्यांतले निरोप समारंभ, सगळीकडे बायकोच्या डाव्या हाताला उभं राहून, दांडी उंच करून. लोक त्यांना उजेडराव म्हणत. इतकी वर्षं उजेड पाडून हा माणूस एकाही फोटोत नव्हता, कारण उजेडाच्या मागे कोण उभं आहे हे फोटोत येतच नाही.

“मग आता काय झालं?” मी विचारलं. न विचारून कसं चालेल!

उजेडरावांनी खिशातून हात बाहेर काढून काउंटरवर ठेवला. तो थरथरत होता. बोटं काचेवर टकटक वाजत होती, जणू त्यांना कसली तरी घाई होती.

“गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपला फ्लॅश सुटला हातातून,” ते म्हणाले. “पहिल्या रांगेतल्या पोरांच्या पायाशी पडला. नशीब, कोणाला लागला नाही.”

“मी म्हटलं, बास,” बाई म्हणाल्या. “खूप झाले फोटो. आता घरी बसू दोघं.”

“घरी बसून काय करणार? माझ्याकडं बघत बसणार?” उजेडरावांनी माझ्याकडे वळून सांगितलं, “शनिवारी कारखान्यात निरोप समारंभ आहे. दीडशे माणसं. ही नाही म्हणून कळवायला निघाली होती, मी फोन काढून घेतला हातातून. अहो, हात माझा गेलाय. हिचा डोळा शाबूत आहे की नाही? मग माझ्या जागी कोण उभं राहणार ते मीच बघून नेतो.”

म्हणजे खरेदी त्यांची होती. बाई नुसत्या ओढून आणलेल्या.

फ्लॅश हातात घेतला तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या डायलवर, जिथे उजेडाची ताकद कमी-जास्त करतात, काळी चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी वर्षानुवर्षांची, कडेला मळ साचलेला. पण एक टोक नुकतंच उचकटून पुन्हा दाबल्यासारखं दिसत होतं.

“ही पट्टी कशाला?”

“माझी करामत,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच वर्षी एका लग्नात डायलला धक्का लागला माझा. कळलंच नाही. अख्खं लग्न पांढरंफटक आलं, नवरी कुठली आणि भिंत कुठली ओळखू येईना. तेव्हा यांनी पट्टी मारून टाकली. फ्लॅश कायम अर्ध्या ताकदीवर.”

“आणि उजेड कमी-जास्त करायचा कसा?”

“हे मागंपुढं व्हायचे.”

मी बघतच राहिलो. डायल बंद आणि पाय चालू! जग बटणं फिरवत होतं आणि हे दांपत्य एकतीस वर्षं पावलांवर उजेड मोजत होतं.

मग मी स्टँड काढायला सुरुवात केली. पहिला हलका ॲल्युमिनियमचा. बाई म्हणाल्या, लटपटतो. दुसरा जाड पायांचा. जड आहे. तिसरा मध्यम, पायाला वाळूची पिशवी अडकवता येणारा, म्हणजे गर्दीत कोणाचा धक्का लागला तरी उलटणार नाही. याचा खटका कडक आहे. चौथ्याचा रंग चमकतो. बाई लहान मुलीसारखी नाकं मुरडत होत्या आणि उजेडराव प्रत्येक स्टँड गदागदा हलवून बघत होते, होणाऱ्या जावयाला पारखावं तसे. फ्लॅशचा उजेड मऊ करणारी छत्री दाखवली, तर ती वाऱ्याने उडेल. तेच काम करणारा कापडी खोका, म्हणजे सॉफ्टबॉक्स दाखवला, तर घडी कोण घालणार? मी घडी घालून दाखवली. तरी नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळेना.

“असं करू,” मी शेवटी म्हणालो. “इथंच लावून बघू. माझा फोटो काढा.”

तिसरा स्टँड उभा केला, त्यावर सॉफ्टबॉक्स आणि आत फ्लॅश चढवला. उजेड नीट कळावा म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दिवे मालवले. उजेडराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्या बदलल्याच. मघाची नाकं मुरडणारी बाई कुठे गेली कोण जाणे. दोन वेळा फ्लॅश उडाला. माझं तोंड फार उजळ येत असावं, कारण त्यांनी लेन्सखालच्या डाव्या हाताची करंगळी सरळ केली.

काहीच झालं नाही. त्यांनी करंगळी तशीच ठेवली.

कोपऱ्यात स्टूल करकरलं. उजेडराव अर्धे उठले होते आणि त्यांचं एक पाऊल मागे गेलं होतं.

तेव्हा मला समजलं. करंगळी म्हणजे एक पाऊल मागे. इतकी वर्षं ती करंगळी सरळ झाली की उजेड मागे गेला होता. स्टँड जागचा हलला नाही, तो कसा हलणार? बाईंनी कॅमेरा खाली घेतला.

“मला नाही जमायचं हे,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “स्टँड चांगलाय हो तुमच्या दुकानातला. सगळेच चांगले होते. मला नकोय दुसरं कोणी तिथं.”

एरवी अशा वेळी मी चटकन काहीतरी विचारून मोकळा होतो. या वेळी मी वाकून स्टँडचे घट्टच असलेले खटके पुन्हा घट्ट केले.

उजेडराव स्टँडपाशी आले. डाव्या हाताने त्यांनी डायलवरची पट्टी धरली आणि एका दमात सोलून काढली.

“अहो!” बाई दचकल्या.

“इकडं ये. बघ. एक पाऊल मागं म्हणजे ही दोन घरं खाली. पुढं म्हणजे दोन घरं वर. मोठा ग्रुप असला की तीन.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“पंधरा दिवस तू भाजी आणायला गेलीस की मी काय करत होतो वाटतं? खुर्चीवर फ्लॅश ठेवून भिंतीचे फोटो काढत होतो. भिंतीला काय, मी हललो तरी चालतं.”

शर्टाच्या खिशातून त्यांनी औषधाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा काढला. त्यावर वेड्यावाकड्या, पण ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं. प्रत्येकापुढे डायलचे आकडे. बाईंनी तो पुठ्ठा वाचला, उलटा केला, मागे काही नाही हे पाहून पुन्हा सुलटा केला. मग स्वतः डायल दोन घरं फिरवली आणि माझा तिसरा फोटो काढला. म्हणाल्या, “बरा आलाय.” माझ्या चेहऱ्याबद्दल यापेक्षा चांगलं आजवर कोणी बोललेलं नाही.

बॅग निवडायला मग पाच मिनिटंही लागली नाहीत. लहान आकाराची, दोन्ही खांद्यांवर येणारी, आतले कप्पे हलवता येणारी. मी कॅमेरा मधे बसवला, फ्लॅश उभा, लेन्स दोन्हीकडे. सॉफ्टबॉक्सची घडी पाठीकडच्या कप्प्यात गेली, स्टँड बाहेरच्या पट्ट्यांत, कंगवे आणि सुईदोरा वरच्या खिशात. पुठ्ठा बाईंनी स्वतः झाकणाच्या आतल्या पारदर्शक खिशात सरकवला, बॅग उघडताच दिसेल असा. जुनी दांडी तेवढी काउंटरवर उरली. तिला कप्पा नव्हता. उजेडरावांनी ती उचलली आणि खिशात घातली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “बॅग एवढ्यात बंद नका करू. मला फ्लॅश परत स्टँडवर चढवायचाय. अहो, तुम्ही बसा त्या स्टुलावर.”

“मी?”

“मग काय या दुकानदारांना बसवू?”

ते बसले. कुठे बघायचं ते त्यांना कळेना. ते स्टँडकडेच बघत राहिले. बाईंनी स्टँड ओढून त्यांच्या अगदी जवळ आणला, पुठ्ठा वाचला आणि डायल पार खालपर्यंत फिरवली.

“हात मांडीवर ठेवा. उजवा वर.”

“हलणार तो.”

“हलू दे.”

फ्लॅश उडाला. इतका बारीक की मला उडाल्यासारखाही वाटला नाही.

फ्लॅशची ताकद कमी केली की त्याची चमक टिकण्याचा वेळही आखूड होतो, हे मी खोक्यांवर वाचून शेकडो गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. पंख्याचं फिरतं पातं थांबलेलं दिसतं, उडालेलं पाणी हवेत थांबतं, असं सांगतो. हाताचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. मोठा केला, आणखी मोठा केला.  पुढे जाऊन त्यांनी कॅमेरा नवऱ्याच्या हातात दिला आणि चष्मा पुसत दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी मान उंच करून डोकावलो, सवयच ती. फोटोत मांडीवर हात होता. शिरा, नखं, दांडीने पडलेला घट्टा, सगळं लख्ख. हात शांत ठेवलेला होता.

उजेडराव कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. कॅमेरा त्यांच्या हातांत थरथरत होता, म्हणून त्यांनी तो गुडघ्यांमध्ये धरला आणि पुन्हा पाहिलं.