शून्याची बोली

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. वीजबाजार बदलतोय, नवे नियम येताहेत, आणि बनारसच्या जुन्या गल्ल्यांतला पहिला प्रयोग कंपनीने माझ्या भरवशावर लावलेला. गोष्ट साधी. उन्हाळ्यात संध्याकाळी वीज कमी पडते. मग ज्यांची तयारी असेल त्यांनी मोबाइलवरून बोली लावायची, तासभर वीज सोडायचे किती रुपये घ्याल? जो कमी मागेल त्याचा मीटर आधी बंद. वशिला नाही, ओळख नाही, सगळं आपोआप.

"आजारी माणसांची घरं वगळू या का?" माझ्या हाताखालच्या ऋतुराजने विचारलं होतं.

मी खेकसलेच त्याच्यावर. "वगळायला लागलास की अख्खी काशी आजारी पडेल! आणि एकदा बंद झालेला मीटर तास संपेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी चालू व्हायचा नाही. नाहीतर रोज फोन येतील."

संध्याकाळी बोली बंद झाली, मीटर बंद झाले. ऋतुराज यादी बघून हसायला लागला. "मॅडम, एकाने शून्य लिहिलंय! फुकट!"

"कोण बाई हा दानशूर कर्ण?" मीही हसले. हसता हसता पत्ता वाचला. रामघाट. शरदिनीकाकू.

काकूनेच मला वाढवलं. गोपीनाथकाका हिवाळ्यापासून ऑक्सिजनच्या मशीनवर, आणि मशीन विजेवर. बोली लावणार असल्याचं अवाक्षर काढलं नव्हतं तिने.

"चालू कर तो मीटर!"

"बटणच नाही, मॅडम. तुम्ही ठेवू दिलं नाहीत."

मी पळत सुटले. दशाश्वमेधला आरतीची तोबा गर्दी. "हटिए, हटिए" ओरडत, धक्के देत, शिव्या खात रामघाट गाठला. काकू फोन उचलेना. काका किती वेळ काढतील, एवढंच डोक्यात.

घरात अंधार. काकू हातपंख्याने वारा घालत होती. काकांचे ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली.

"सिलिंडर कुठाय?"

"भरायला दिलाय. उद्या देतो म्हणाला."

समोर जायसवालजींच्या खिडकीत मात्र लख्ख उजेड. त्यांनी भरमसाठ आकडा मागितला असणार! "चाचाजी, लाइन दीजिए, जल्दी!" मी ओरडले. बिचाऱ्यांनी लगेच खिडकीतून लांब वायरचा बोर्ड पुढे केला. आमची गल्ली ती केवढी, हात लांबवला की पोचतो. मशीन घरघरलं. हळूहळू काकांच्या ओठांवर रंग आला. आणि मग माझं डोकंच फिरलं.

"शून्य कशाला लिहिलंस? वेड लागलंय का तुला?"

"ओरडतेस काय?" काकूने पंखा आपटला. "घरच्या पोरीच्या कामाचे पैसे मागायचे? मी नकोच म्हणत होते. यांनीच हट्ट धरला. आपल्या मुक्ताच्या लिलावात कुणी आलंच नाही तर तिचं नाक कापलं जाईल, म्हणाले. तासाभराचा तर सवाल, काढीन मी कळ, असंही म्हणाले."

मला रडूच फुटलं. काकांनी नळी जरा बाजूला केली. दमत दमत विचारलं, "पहिला नंबर आला ना आपला?"

खोटं बोलवेना. "आला, काका."

"मग उद्याही शून्यच लिही गं," ते काकूला म्हणाले.