मिस्त्रीच्या घरचे मशीन

"बॅटरी जरा खाली धर," मिस्त्री म्हणाले.

"खालीच आहे."

"मग हलतेय का?"

"बॅटरी नाही हलत, हात हलतोय," बायको म्हणाली आणि तिने बॅटरी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

मागच्या गॅलरीत जुन्या गोणपाटावर वॉशिंग मशीन आडवे पाडले होते आणि मिस्त्री त्याच्या पोटात खांद्यापर्यंत शिरले होते. गुडघे कधीचेच कुरकुरत होते. खाली बसायला पाच मिनिटे लागत आणि उठायला दहा. पण आज शुक्रवार होता आणि रविवारी सकाळी मुलीने पाठवलेले नवे मशीन येणार होते. ते आणणारी माणसेच हे जुने घेऊन जाणार होती. मुलीने फोनवर विचारले नव्हते, सांगितले होते. "बाबा, आईच्या हातांकडे बघा जरा. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना? पिळणं बंद म्हणजे बंद."

ऐकले होते. बायकोच्या बोटांना मुंग्या येत, पहाटे मनगट बधिर होई, भरलेला कप हातातून सुटे. "कपडे हातानं धुता का?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने मिस्त्रींकडे न बघता "हो" म्हटले होते. मिस्त्रींचा धंदा कोणता हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते, एवढेच नशीब.

मिस्त्रींनी एकतीस वर्षे वॉशिंग मशीनच दुरुस्त केली होती. दुसऱ्यांच्या घरची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे शेजारणी हसत हसत बोलून दाखवायच्या. बायकोने मात्र कधी बोलून दाखवले नाही. घरचे मशीन बावीस वर्षांपूर्वी बंद पडले. "मोटर गेली," मिस्त्रींनी सांगितले होते. त्या बनावटीची मोटर तेव्हाच मिळेनाशी झाली होती. मिळाली की टाकू, म्हणाले. मग मशीनवर चादर आली, चादरीवर रिकामे डबे आले, डब्यांवर कोरफडीची कुंडी आली, आणि बायको मोरीत बसून धूत राहिली.

मागच्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाने तसलेच मशीन मोडीत काढले, तेव्हा त्यातली मोटर मिस्त्रींनी मागून आणली होती. ती पलंगाखाली वर्षभर पडून होती. मुलीचा फोन आला आणि मिस्त्रींना एकदम चेव आला. "रविवारच्या आत हेच चालू करून दाखवतो," ते म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली.

तिचे 'बरं' मिस्त्रींना पाठ होते. त्यात होकारही नसे आणि नकारही नसे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतले असते, असे त्यांना पुष्कळदा वाटे, आणि वाटून झाले की ते कामावर निघून जात.

गॅसवर दूध ठेवलेले तिला आठवले. बॅटरी टबाला टेकवून ती आत गेली.

मिस्त्रींनी टबाच्या तळाची चकती खोलायला घेतली. गंजलेला नट तेल पाजून अर्धा तास मुरत ठेवला होता, तो आता कुरकुरत फिरला. चकती वर आली आणि तिच्याखालून काहीतरी टणकन टबात पडले. मिस्त्रींनी ते उचलून बॅटरीसमोर धरले. पेराएवढा पितळी स्क्रू होता, चपट्या डोक्याचा.

असले स्क्रू त्या काळात त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असत. घराघरांतून ते बायकांना दम भरत, "बाई, खिसे तपासून कपडे टाकत जा. मशीन खिशामुळे मरतं." आणि इथे त्यांच्याच खिशातला स्क्रू त्यांच्याच मशीनच्या नरड्यात अडकला होता.

पुढचे कुणी सांगायची गरज नव्हती. चकती जाम झाली, मोटर बिचारी फिरत राहिली, रबरी पट्टा एकाच जागी घासून जळाला आणि तुटला. तो तुटलेला पट्टा खाली तसाच पडला होता, एका जागी काळा, चकचकीत झालेला. मिस्त्रींनी मोटरचे झाकण काढले. आतली तार मधाच्या रंगाची होती. कुठे डाग नाही, जळाल्याची खूण नाही. मोटर सुरू करून देणारा कॅपॅसिटर तेवढा वयाने गेला होता. पलंगाखालच्या मोटरचा कॅपॅसिटर काढून त्यांनी जोडला, प्लग लावला, आणि मोटर एका झटक्यात फिरू लागली.

मिस्त्रींनी घाईघाईने बटण बंद केले. आवाज आत गेला की काय, म्हणून ते कान देऊन बसले. आतून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

कानाचा त्यांना मोठा अभिमान होता. गिऱ्हाइके फोन मशीनला लावून धरत आणि मिस्त्री पलीकडून सांगत, "बेअरिंग." जिना चढण्याआधीच निदान तयार. घरचे मशीन बंद पडले त्या दिवशी मात्र सहा घरे करून ते घरी आले होते, पाठ मोडली होती, पिशवी अजून खांद्यावर होती. दारात उभ्या उभ्या त्यांनी घुर्र ऐकले, जळका वास घेतला आणि निकाल दिला. बायको मशीनजवळच उभी होती. "अहो, मोटरचा आवाज येतोय की," ती म्हणाली होती. "आणि वास रबराचा आहे. कुकरची रिंग जळते ना, तसा."

"आता तू मला शिकवणार?" मिस्त्री म्हणाले होते.

"बरं," ती म्हणाली होती.

दहा मिनिटांचे काम होते. तसले पट्टे तेव्हाही घरातच होते, दारामागच्या खिळ्याला डझनभर लटकलेले. मिस्त्रींना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात फारशी वाटली नव्हती, त्यामुळे तिचे काय करायचे तेही त्यांना कळेना. शेजारी दुसरी मोटर पडलेली होती. चार बोल्ट काढायचे, चार बसवायचे. 'मोटर गेली होती, मोटर बदलली', इतके सरळ. त्यांनी पाना उचलून पहिल्या बोल्टला लावलादेखील. मग खाली ठेवला. हात दुखतोय, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली.

शनिवारी दुपारपर्यंत पट्टा बसला, कडक झालेले सील बदलले, पाणी सोडायची नळी नवी आली. मशीन उभे राहिले. बायको स्टूल घेऊन आली आणि दाराशी बसली.

"मोटर बसवलीत?"

"हं," मिस्त्री म्हणाले.

चाचणीसाठी ते नेहमी आपल्या पिशवीतल्या चिंध्या वापरत. त्या काढायला वाकले, तेवढ्यात बायको म्हणाली, "चिंध्या कशाला? पलंगावरची चादर धुवायची आहे. जाड आहे. मला पिळवत नाही ती."

चादर आत गेली. पाणी भरले. मिस्त्रींनी चावी फिरवली आणि श्वास रोखून उभे राहिले. चकती आधी रुसल्यासारखी थांबली, मग इकडे फिरली, मग तिकडे. साबणाचा फेस चढला. बायको बघत होती, आणि तिचे हात मांडीवर पालथे पडले होते. बोटांची पेरे सुजून जाड झाली होती. मिस्त्रींनी ते हात रोजच पाहिले होते, पण धड असे पाहिले नव्हते.

पाणी सोडून, पुन्हा भरून, खळबळून झाल्यावर चादर ड्रायरमध्ये गेली. मिस्त्रींनी ड्रायरच्या झाकणावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला.

"हे काय?"

"थेंब सांडला नाही तर मशीन पास. सगळ्यांकडे असंच करायचो."

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी कुठं बघितलंय तुम्हाला काम करताना?"

ड्रायर फिरू लागला. पेल्यातले पाणी थरथरले, पण सांडले नाही. खाली नळीतून गढूळ पाण्याची धार लागली. दोघेही त्या धारेकडे बघत राहिले. धार बारीक होत होत थांबली, तेव्हा मिस्त्रींनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि स्क्रू काढून तिच्यापुढे धरला.

"मोटर गेली नव्हती," ते म्हणाले. "हा अडकला होता. माझ्या खिशातला. पट्टा जळाला होता, बस. रबरच होतं. तू म्हणाली होतीस तसं."

बायकोने स्क्रू घेतला. तिच्या चिमटीत तो नीट धरला जात नव्हता, म्हणून तिने तळहातावर ठेवला.

"म्हणजे तुम्हाला आठवतंय," ती म्हणाली.

"काल आठवलं."

"मला रोज आठवायचं. आधी आधी. धूत असताना. पुन्हा सांगणार होते एकदा. पण तुम्ही यायचात ते असे दमून, की म्हटलं जाऊ दे. मग सांगायची वेळच निघून गेली."

माफी मागावी असे मिस्त्रींना फार वाटले. पण ज्या माणसाने कधी 'चुकलं' म्हटलेले नाही, त्याच्या तोंडात तो शब्द सहज येत नाही. "ओरडायचंस तरी माझ्यावर," ते म्हणाले.

"ओरडून पट्टा बसला असता का?"

पेला उचलायचे निमित्त करून मिस्त्री मशीनकडे वळले. "उद्या ती माणसं येतील," ते म्हणाले. "नको म्हणून सांगू का मुलीला? हे आता दहा वर्षं बंद पडत नाही. तू म्हणशील तसं."

तिने मशीनकडे पाहिले. त्याच्या पत्र्यावर कुंडीचा गोल डाग अजून होता, तेवढा घासूनही गेला नव्हता.

"नेऊ दे," ती म्हणाली. "बावीस वर्षं याच्याकडे बघत बघत धुतलं मी. आता बघवत नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

ती उठली, झाकण उघडून तिने चादर बाहेर ओढली, आणि हाताच्या सवयीने मोरीपाशी जाऊन पिळायला लागली. मनगटात कळ आली असावी, कारण तिचे ओठ आवळले गेले. मिस्त्री पेला ठेवून पुढे झाले आणि त्यांनी चादरीचे दुसरे टोक धरले. ती एकीकडे पिळत होती, ते दुसरीकडे. दोघांनी चांगला घट्ट पीळ दिला आणि खाली बघितले.

मोरी कोरडी होती. एक थेंबही पडला नाही.